बेरद्यान्स्क, नग चार

दाढांचे पैसे होते ते.
डावीकडच्या, खालच्या, तीन.
दोन उन्हाळे लोणच्याचे टोमॅटो विकले
क्रेमेन्चुकच्या बाजारात, पायऱ्यांवर बसून,
तेव्हा कुठे पिठाच्या डब्यातला रुमाल जड झाला.

सरकारला नोटा नको होत्या.
आधी त्या बँकेच्या यंत्राला भरवल्या,
मग फोनमध्ये उगवल्या, नुसते आकडे,
आणि शेजारचा नाझार, एकोणीस वर्षांचा,
माझ्या ओट्याला टेकून बोट फिरवू लागला.
"युद्धरोखे, रायिसाकाकू. एकाला हजार ह्रिव्निया.
चौदा महिने मुदत. कोणता देऊ?"
भाजीवाल्यासारखा विचारत होता.

यादी होती, बसस्थानकावरच्या फळ्यासारखी:
गावाचं नाव, तारीख, दर.
सगळी शत्रूने घेतलेली गावं.
एकाही गावाला बस जात नाही.

वर जा, मी म्हटलं. अजून वर. थांब.

तिथे लारिसा आहे.
माझ्याहून चार वर्षांनी धाकटी
आणि जन्मापासून माझ्याहून हट्टी.
"जर्दाळू फुलायला आलाय, आत्ता कुठे येऊ?"
एवढं बोलली, त्या वसंतात.
त्यानंतर तिचा फोन वाजतो.
नुसता वाजतो.

चार घेतले. नाझारने हिशेब सांगितला,
व्याज किती, कधी, कसं.
मी मात्र वेगळाच हिशेब करत होते:
चार हजारांत गावाचं काय काय येतं?
दीपगृह नाही येणार. बंदरही नाही.
धक्क्यावरचा एखादा बाक येत असेल,
किंवा लारिसाच्या गॅलरीतली ती दोरी,
जिच्यावर ती खारवलेले गोबी मासे टांगते
डोळ्यांतून सुई घालून, ओळीने,
आणि खालच्या मजल्यावरची बाई रोज भांडते.

रात्री डावा गाल ठणकला. झोप नाही.
आपली एवढी पदरमोड, म्हटलं, तिचं होतं काय?
बूट होत असतील. डिझेल. मलमपट्टी.
कुणाच्या तरी पायात माझी एक दाढ चालत असेल.
इथवर बरं वाटलं.
मग वाटलं, तोफगोळाही होत असेल.
आणि तो जायचा कुठे?
जिथे शत्रू आहे तिथे.
शत्रू कुठे आहे?
रोख्यावर लिहिलंय ना, ठळक अक्षरांत.
उठले, दिवा लावला, मिठाच्या पाण्याने चूळ भरली.
हे कुणाला विचारता येत नाही.
नाझारला तर मुळीच नाही.

मुदत भरली तेव्हा मी बरण्या उकळत होते.
फोन कुईं करून गप्प झाला.
मुद्दल आलं. व्याज आलं.
दिलेल्या शब्दाला एक दिवस उशीर नाही.
मी हात पुसले आणि उगाच
पुन्हा एकदा लारिसाचा नंबर लावला,
म्हटलं, सरकार आज सगळंच परत करत असेल.
वाजला. अकरा वेळा मोजले.

पुन्हा घेतले, चारच.
या खेपेला बोट माझं मीच फिरवलं.
नाझारची खोली वर बंद असते,
त्याची आई जिन्यात भेटली की हवामानाचं बोलते.
यादीत बेरद्यान्स्क नव्हतं. संपलं, म्हणे.
दुसरं एक गाव होतं, कधी न पाहिलेलं.
तिथेही कुणाची तरी बहीण असेल,
म्हणून तेच घेतलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, अजून किती थांबणार?"

व्याजाचे उरले त्यात बाजारातून
वाळवलेले गोबी आणले, ओदेसाकडचे.
मीठ कमी. लारिसाने नाक मुरडलं असतं.
ओट्याशी उभी राहून, एक एक,
उजव्या बाजूने खाल्ले.